रस्त्याच्या अंगाचं रान

सकाळी सहाला फळ्यासमोर उभी राहिले की मी आधी दोनदा आभाळाकडं बघते. अकरा वर्षं झाली, अजून बघते. फळा म्हणजे शाळेनं टाकून दिलेला एक काळा तुकडा, तबेल्याच्या भिंतीला ठोकलेला. त्यावर खडूनं लिहायचं: आज कोणता घोडा कोणत्या रानात सुटणार, कोणासोबत, किती वेळ. बघणाऱ्याला वाटतं, यात काय अवघड आहे, दार उघडलं की जातंय जनावर चरायला. या म्हणावं एकदा. चौदा जनावरं आणि चार रानं. तांबडा काळ्याला चावतो. काळा एकटा राहिला की कुंपणाला धडका देतो. म्हाताऱ्या घोडीला हिरवं जरा जास्त झालं की पोट दुखून लोळायला लागते, आणि घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळं पोटात अडकलं की थेट जिवावरच बेततं. पाऊस झाला की काळी माती पायातली नाल ओढून घेते. घोड्यांच्या मालकांची तऱ्हा आणखी वेगळी. औरंगपुऱ्यात कापडाचं दुकान असलेले एक शेठ रोज नऊला फोन करतात, "आमच्याला मोकळं सोडलं का?" नाही सोडलं तर नाराज. सोडलं आणि ओरखडा आला तर, "हा कसा काय आला?" अहो, जनावर आहे ते, दुकानाच्या काचेतला पुतळा आहे का?

आमचा तबेला शहराबाहेर, पैठणच्या रस्त्याला. शहरातल्या लोकांचे घोडे आम्ही महिन्यावर सांभाळतो. चार रानांना आम्ही सोयीची नावं ठेवलीत: वरचं, विहिरीचं, चिंचेचं आणि रस्त्याचं. पहिली तीन आत आहेत, शांत. रस्त्याचं रान मात्र डांबरापासून हाकेच्या अंतरावर. मधी फक्त शेजाऱ्याचा बांध, चार बाभळी आणि गुडघाभर गवत. दिवसभर ट्रक, ट्रॅक्टर, एसटी, हॉर्न. त्या रानात कोणाला सोडायचं, हे ठरवताना खडू माझ्या हातात तसाच राहतो.

मी मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. वडिलांचा कळप डांबरी रस्त्यानं निघाला की बिचकणारी, कवळी मेंढरं आतल्या अंगाला असायची आणि दोन-चार निबर म्हाताऱ्या मेंढ्या रस्त्याच्या अंगाला. ट्रक अंगावरून गेल्यागत गेला तरी त्या म्हाताऱ्या हलायच्या नाहीत, आणि त्या हलल्या नाहीत की कळपही हलायचा नाही. "जे भीत नाय, ते रस्त्याच्या अंगाला घ्यायचं," वडील सांगायचे. पुढं मी जनावरांचा डिप्लोमा केला, घोड्यांविषयी मिळेल ते वाचलं, तबेल्यात नोकरी धरली. पण वडिलांचं ते सांगणं डोक्यात इतकं मुरलेलं होतं की घोड्यालाही ते लागू पडतं का, असा प्रश्नच मला कधी पडला नाही.

गेल्या नव्हे, त्याच्या आदल्या पावसाळ्यात चाचा त्यांची घोडी घेऊन आले. चाचा छावणीत राहतात. लग्नाच्या वरातीत घोडी न्यायचं काम त्यांच्या वडिलांपासूनचं. पूर्वी तीन जनावरं होती म्हणे, आता ही एकटीच. आणि तिच्यावरच अख्खं घर. चातुर्मासात लग्नं नसतात, आषाढापासून तुळशीच्या लग्नापर्यंत घोडी बसूनच असते. त्या वर्षी त्यांच्या घरामागचा गोठा पावसात बसला, म्हणून चार महिन्यांसाठी ती आमच्याकडं आली. नुकरी होती, म्हणजे केसच नव्हे तर कातडीही गुलाबी-पांढरी. डोळ्यांभोवती पापण्यासुद्धा पांढऱ्या. असं देखणं जनावर आमच्या तबेल्यात दुसरं नव्हतं, आणि हे मी शेठजींना कधी ऐकवलं नाही.

चाचांनी दोर माझ्या हातात देताना एकच गोष्ट सांगितली. "बेटा, इसको बांध के च रखो. छुट्टा रहना क्या होता, इसको मालूमच नहीं."

मी गप्प बसायचं की नाही? पण गप्प बसेन तर मी कसली. म्हटलं, "चाचा, दहा वर्षं पुढचे पाय बांधून, मागचे पाय बांधून ठेवलंय तुम्ही तिला. चार महिने तरी मोकळी चरू द्या. सांधे आखडलेत बघा तिचे. माझी जबाबदारी."

त्यांनी तिच्या आखडलेल्या गुडघ्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "तेरी जबाबदारी ना? हौ, फिर छोड."

पहिल्या दिवशी मी तिला विहिरीच्या रानात अर्धा तासच सोडलं. एकदम हिरवं खायला द्यायचं नसतं, रोज थोडं थोडं वाढवायचं. दोर काढला तर ती जागची हलेना. बांधल्यासारखीच उभी. आमचे मामा, म्हणजे तबेल्यात खरारा आणि वैरण बघणारे वयस्क गृहस्थ, फाटकाला टेकून हसायला लागले, "ताई, हिला ठाऊकच नाय दोर काढलाय म्हणून." चौथ्या दिवशी मात्र तिनं डोकं खाली घातलं, दोन उड्या मारल्या आणि थेट चिखलात लोळली. पांढरीफेक घोडी काळीकुट्ट झाली. नेमके त्याच वेळी चाचा आले. मला वाटलं, आता बोलणी खायची. पण त्यांनी कपाळावर हात मारून घेतला आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "देख रे, बच्ची हो गई फिर से!" मला इतका आनंद झाला की त्या दिवशी शेठजींच्या फोनला मी दोन मिनिटं गोड बोलले.

त्यानंतर चाचा दर शुक्रवारी, नमाज झाली की फोन करायचे. "बच्ची कैसी है?" एवढंच. मी सांगायची, मजेत आहे, आणि ते खरंही होतं.

घोडी कशालाच भीत नव्हती. फटाके, हॉर्न, झेंडे, पोरांची आरडाओरड, सगळ्यात वाढलेली. बाकीचे घोडे ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला उधळायचे, ही कान सुद्धा हलवायची नाही. मग मी काय केलं? वडिलांनी मेंढ्यांचं जे केलं तेच. फळ्यावर रस्त्याच्या रानासमोर तिचं चिन्ह काढलं, एक चंद्रकोर. मनाला बरं वाटलं. वाटलं, चला, रोजची एक चिंता मिटली.

गणपती बसायच्या दिवशी सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पलीकडच्या गावातलं मंडळ शहरातून मूर्ती आणणार, बँड लावून आणणार, आमच्या पुढ्यातून नेणार, हे आदल्या दिवशीच कळलं होतं. मी मामांना म्हटलं, आवाज लांबून आला की सगळे आत घ्यायचे, आधी बिचकणारे, मग बाकीचे. चाचांची घोडी सगळ्यात शेवटी. तिला काय होतंय!

अकराच्या सुमाराला बँड ऐकू आला. तांबड्याला आत घेतलं, म्हातारीला घेतलं. काळा चिंचेच्या रानात तोंड वर करून गरागरा फिरायला लागला, हाती येईना. मी शिव्या घालतेय, मामा घमेलं वाजवून बोलावतायत, तिकडं ताशाचा आवाज वाढत वाढत आमच्यासमोर आला आणि पुढंही गेला. काळ्याला आत कोंडलं तेव्हा माझ्या अंगाला घामाची आंघोळ झाली होती. "झालं," मी मामांना म्हटलं, "सुटलो एकदाचे." मग रस्त्याच्या रानाकडं गेले.

रान रिकामं. फाटकाचा आडवा बांबू मधोमध मोडलेला.

 पुढं बांध. बांधावरच्या गवतात एक जुनी काटेरी तार पडलेली होती. ती तिथं आहे हे मला ठाऊक होतं. उन्हाळ्यापासून म्हणत होते, काढू, काढू. बांध शेजाऱ्याचा, म्हणून आज राहिलं, उद्या राहिलं. त्या तारेला पांढरे केस आणि रक्त लागलेलं. मी रस्त्यावर पळत सुटले. एक चप्पल चिखलातच राहिली. ट्रकचा हॉर्न वाजला की मी डोळे मिटायची, पुढं काहीतरी पांढरं पडलेलं दिसेल म्हणून. देवा, तिला काही करू नको, हे मी मोठ्यानं म्हणत होते, आणि गाडीवरचे लोक वळून बघत होते.

घोडी मिरवणुकीत होती. ट्रॅक्टरवर गणपती, त्याच्यापुढं बँड, आणि बँडच्या पुढं मधोमध गोल करून चाचांची घोडी नाचत होती. कोणीतरी तिच्या गळ्यात झेंडूची माळ घातलेली, कपाळावर कुंकू. पुढचे पाय आळीपाळीनं उचलायची, मग सगळा भार मागच्या पायांवर घेऊन उभी राहायची. लोक शिट्ट्या मारत होते, मोबाइल वर धरून शूटिंग करत होते. मी घुसले तर मंडळाचा एक माणूस खूष होऊन मलाच म्हणतो, "ताई, घोडी लई भारी हाय, कुणी ठरवली?"

मागचा डावा पाय खुरापर्यंत लाल होता. गुलालात ते कोणाला कळणार? तिथं सगळेच लाल होते.

मी तिची आयाळ धरून ओढली. येईना. वाजतंय तोवर ती हलणारच नव्हती. मी बँडवाल्यांवर किंचाळले, "बंद करा! अहो, रक्त आहे ते, बंद करा!" ताशा थांबला. तशी तीही थांबली. मग तिनं मागचा पाय उचलला आणि खाली टेकवलाच नाही. तेव्हा कुठं लोकांच्या लक्षात आलं. ज्यानं माळ घातली होती त्यानंच मला तिला हळूहळू परत आणायला मदत केली, वाटभर "सॉरी ताई, सॉरी ताई" म्हणत. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता? मेंढरू आवाज सहन करतं. घोडीला तो सहन करायचा नव्हताच, तो तिचा कामाचा पुकारा होता. बँड वाजला की पुढं जाऊन उभं राहायचं, एवढंच तिला दहा वर्षं शिकवलेलं. आणि मी शहाणी, मी तिला नेमकं रस्त्याला लावलं.

डॉक्टरांनी टाके घातले. म्हणाले, तुटली नाही हे नशीब, पण मागची शीर, पाय ताणून धरणारी, अर्धी कापलीय. आराम दिला तर चालेल-फिरेल. "पण मागच्या पायावर उभी करायची नाही. पुढच्या पावसाळ्यापर्यंत तरी नाही. जोर दिला तर जाईल ती शीर, मग काही करता येणार नाही."

तुळशीचं लग्न सव्वादोन महिन्यांवर आलेलं.

शुक्रवारी फोन वाजला. मी हातातली बादली खाली ठेवली, घसा साफ केला. सांगायचंच ठरवलं होतं, अगदी देवाशप्पथ. "बच्ची कैसी है?"

"मजेत आहे, चाचा."

तोंडातून निघून गेलं. मामा समोरच पट्टी बदलत होते. त्यांनी मान वर करून बघितलं आणि पुन्हा खाली घातली. मी त्यांच्यावरच खेकसले, "काय बघताय? बरी झाली की सांगते की!" ते म्हणाले, "सांगून टाका ताई. मानूस चांगला हाय." मला ते कळत नव्हतं का? चांगल्या माणसालाच सांगणं जड जातं. वाईट असता तर मीही चार शब्द ऐकवले असते.

पुढच्या शुक्रवारी "मजेत." त्याच्या पुढच्या शुक्रवारी चाचांनी विचारलं, "खा री ना बराबर? चलती-फिरती ना?" मी म्हटलं, हो, हो, चालते की. ते खोटं तरी नव्हतं. चालत होती. मी तिला रोज दोन वेळा दहा-दहा मिनिटं दोर धरून चालवत होते, पायावर गार पाणी सोडत होते, सूज बोटांनी चाचपत होते. त्या पायाबद्दल मला जितकं ठाऊक होतं तितकं डॉक्टरलाही नव्हतं. गुरुवारपासून मला जेवण जायचं नाही. शुक्रवारी दुपारी फोन ठेवला की तासभर बरं वाटायचं, आणि मग आणखी एका खोट्याची भर पडलीय हे आठवून मी पुन्हा तिचा पाय चाचपायला जायची. घरी आई म्हणायची, "काय झालंय तुला, तोंड का उतरलंय?" तिलाही नाही सांगितलं.

तुळशीच्या लग्नाच्या चार दिवस आधी चाचा टेम्पो घेऊन आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, हातात नवा लाल गोंडा. मी रात्रभर घोकून ठेवलं होतं, काय सांगायचं, कसं सांगायचं. मी घोडी बाहेर आणली आणि दोर तिच्या मानेवर टाकला. जखम भरली होती, केसही आले होते, नीट बघितल्याशिवाय दिसलं नसतं. वळताना मात्र ती किंचित आखडायची.

"चाचा," मी म्हटलं, "तुम्हाला एक सांगायचं होतं..."

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, काच सदऱ्याला पुसली आणि माझ्यासमोर धरला. ताशाचा आवाज. माळ घातलेली पांढरी घोडी. मागून येणारी, केस सुटलेली, एका पायात चप्पल असलेली एक बाई किंचाळत होती. ती मी.

"उसी दिन शाम को आ गया था मेरे पास," ते म्हणाले. "मोहल्ले के छोरे भेजे. बोले, चाचा, आपकी घोडी गणपती में नाचरी."

 "मग तुम्ही फोनवर बोलला का नाही?"

"पूछा तो. हर जुम्मे को पूछा."

 मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी आवाज चढवला असता, शिव्या दिल्या असत्या, तबेल्याच्या मालकाकडं तक्रार केली असती तर सोपं गेलं असतं. ते शांत होते. म्हणाले, "तार का गुस्सा नहीं मेरे को. जानवर है, किधर भी लगती. पर अब एक बात बता. उसका पाँव रोज देखनेवाली तू. नाच सकती क्या नहीं, ये तेरे को च मालूम. और तू बोलेगी, तो मैं मानूँ कैसे?"

 खरं सांगायला तोंड उघडलं आणि कळलं, आता मी काहीही म्हटलं तरी ते खरं म्हणून त्यांच्यापर्यंत पोचणार नाही.

 चाचा पाण्याच्या रिकाम्या पत्र्याच्या पिंपाजवळ गेले आणि तळहातानं त्यावर थाप मारली. एक, दोन, आणि मग लग्नातला तो ठेका. घोडीचे कान ताठ झाले. तिनं पुढचा एक पाय उचलला, दुसरा उचलला. ठेका वाढला. तिनं मान मागं घेतली आणि भार मागं न्यायला लागली.

मी त्या पायाकडं बघत होते. माझे दात ओठात रुतले होते, मुठी आवळल्या होत्या. "नको, नको," असं मी पुटपुटत होते हे मला नंतर मामांनी सांगितलं. मधेच मी मान वर केली तर चाचा घोडीकडं बघतच नव्हते. पिंपावर हात चालू होता आणि ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

त्यांनी हात थांबवला. घोडीनं पुढचे पाय खाली टेकवले.

"बस," ते म्हणाले. "समझ गया."

त्यांनी टेम्पोवाल्याला हातानंच जा म्हणून खूण केली. घोडीच्या मानेवरून दोनदा हात फिरवला, दोर माझ्या हातात दिला आणि तो लाल गोंडा खिशात ठेवायला लागले, तर तो खिशात मावेना. तो तसाच हातात धरून ते फाटकापर्यंत गेले. तिथं थांबले आणि वळून मला विचारलं, रागानं नाही, खरंच विचारलं, मला माहीत असेल असं वाटून:

"घर में क्या बोलूँ, बेटा?"

मी दोर धरून उभी होते.